खोललेली सायकल

“चाकं सुटी, सीट एका कोपऱ्यात, हँडल तिसरीकडेच! अगं, सायकल जोडलेली काढायची,” चाचणी घेणाऱ्या मॅडम कागदावर पेन आपटत म्हणाल्या.

शेजारी बसलेला हणमंत खुर्चीच्या कडेला सरकला. त्याच्या लेकीच्या, वैजूच्या मेंदूची वाढ जन्मापासूनच वेगळी. चित्राचे भाग तिला एकत्र बसवताच येत नसत. आजच्या गुणांवर शाळेतला तिचा प्रवेश ठरणार होता. वेळ आलीच तर हात जोडायचे, हे तो घरूनच ठरवून आला होता.

“खोललीय ती,” वैजू म्हणाली. बापाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात ती रोज बसायची. तिथं प्रत्येक सायकल अशीच पसरलेली असायची.

“पण मला जोडलेली हवीय. आत्ता.”

वैजूनं पेन्सिल कानावर खोचली. “एवढी घाई असेल तर दुसऱ्या दुकानात जावा.”

घायकुतीला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हणमंत हेच सुनावायचा. मॅडम आता त्याच्याकडे रोखून बघत होत्या. माफीसाठी उचललेले हात त्यानं खाली घेतले आणि ताठ बसला.

“मालकीण बोलली ना, मॅडम? उद्या संध्याकाळी या.”