शेवटचा हिस्सा

इस्लाममध्ये व्याज हराम, म्हणून तिच्या नवऱ्यानं कर्ज न काढता बँकेशी भागीदारीत घर घेतलं होतं. दर महिन्याला तो बँकेच्या हिश्शाचं भाडं भरी आणि त्या हिश्शातला एक तुकडा विकत घेई.

डोकं फिरलं की तो ओरडे, "घर विकून तुला रस्त्यावर काढीन!"

"खुशाल विका," भाजी चिरता चिरता ती म्हणे, "आधी तुमच्या भागीदाराला विचारा." मग तो दात-ओठ खात बाहेर निघून जाई.

वीस वर्षांनी आज शेवटचा हिस्सा घेऊन झाला. धाकट्या बहिणीनं तिला मिठीच मारली. "ताई, सुटलीस गं! बँक गेली, आता सगळं घर दाजींचं!"

 

अभिनंदनाला आलेले सगळे गेल्यावर ती नवऱ्यापाशी आली आणि तिनं कधी नव्हे ते हलक्या आवाजात विचारलं, "अहो, आज जेवायला तुमच्या आवडीचं काय करू?"