कोंबड्या माळ्यावर

दत्तजयंतीच्या सकाळी बाबा पुलावरून भिजून आले. खाडीच्या पुलावरची पट्टी वाचून पाण्याची उंची ऑफिसला कळवायची, हे त्यांचं पावसाळ्यातलं काम. ते ऑक्टोबरअखेर संपतं. पण डिसेंबरात सलग दोन दिवस धो धो पाऊस पडल्यावर त्यांना राहवलं नाही.

त्यांनी फोन लावला. "साहेब, नदी धोक्याच्या खुणेला टेकलीय. दुपारी पुनवेचं उधाण आहे. भरतीनं तोंड अडवलं की पाणी वाडीत शिरणार."

"तांडेल, तुमची ड्यूटी संपली. रजिस्टर बंद झालं."

"नदीला कळवलंय का तसं?"

साहेबांनी फोन ठेवला. बाबांनी आमच्या अकरा कोंबड्या एकेक करून माळ्यावर चढवल्या. वाडीतले लोक पुलावरची पट्टी बघायला जात नाहीत. आमच्या कोंबड्या कुठे आहेत ते बघतात. तासाभरात घरोघरचे तांदूळ माळ्यावर गेले आणि माणसं देवळाच्या टेकडीवर. दुपारी पाणी आमच्या खिडकीतून आत आलं, संध्याकाळी दारातून गेलं. माणूस एकही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. त्यांना अहवाल लिहायचा होता.

"लोकांना आधी कळलं कसं?"

"कोंबड्यांवरून," बाबा म्हणाले.

साहेबांनी तसंच लिहिलं असावं. कारण जूनमध्ये आम्ही बाबांच्या नेमणुकीच्या पत्राची वाट बघत होतो, तेव्हा ऑफिसातून दोन माणसं आली. कोंबड्या बघायला.