साठ सालची दारं

"दीड इंच जास्त भरतंय," महालिंगप्पा म्हणाला.

दोन्ही दारं त्यानं जीपच्या मागं उभी करून पाहिली होती. जीप जुनी, पोलीस ॲक्शननंतर लिलावात निघालेली. मागं गुडघाभर उंचीचा फळका आणि त्यावर कापडी पडदा. दारं मात्र साठ सालच्या जीपची, सोलापूरच्या भंगारातून आणलेली. नवी बॉडी रुंद, जुनी अरुंद.

"कापा मग," अण्णा म्हणाले. "सोमवारी गाडी पाहिजे."

अण्णा उमरग्याच्या तहसील कचेरीत कारकून. उमरग्याहून जळकोटला जीप घेऊन आले ते याच कामासाठी.

"एवढी घाई?"

"घरातलं माणूस आहे. डोक्यावर परिणाम झालाय. येरवड्याला न्यायचंय. मागच्या खेपेला वाटेतच पडदा फाडून बाहेर उडी टाकली. दार आतून उघडता कामा नये, मिस्त्री."

घरातलं माणूस म्हणजे बाईमाणूस. अण्णांची बायको वारून चार वर्षं झाली होती. मग धाकट्या भावाची बायको, महालिंगप्पानं गृहीत धरलं. जास्त विचारलं नाही.

फळका.

काढला. खाली गंज निघाला, तो घासला. टपापर्यंत लोखंडी चौकट उभी केली.

डावं दार.

पाऊण इंच कापलं. कड पुन्हा दुमडली, ठोकली.

उजवं दार.

तेवढंच कापलं. कुलूप याच दाराला. आतला दांडा काढला, त्याचं भोक तेवढं राहिलं.

काम करताना त्याला शरणम्मा आठवत होती. त्याची बहीण. सासरच्यांनी वेडी ठरवून गोठ्यात कोंडली. महालिंगप्पा पोचला तेव्हा बाहेरून कडी होती आणि आत ती नव्हती, नुसतं शरीर होतं.

सोमवार.

सकाळच्या एसटीनं सगळे उतरले. अण्णा, त्यांची आई अनसूयाबाई, धाकटा राघवेंद्र, त्याची बायको चारुशीला, तिच्या पदराखाली तान्हं पोर. शिवाय सिदू ड्रायव्हर.

चारुशीला बाजेवर बसली. मनगटावर नखांचे ओरखडे, अर्ध्या बांगड्या फुटलेल्या. महालिंगप्पानं ते पाहिलं.

"सिदू, चहा सांग की रे," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि माझ्यात साखर बेतानं. मागच्या वेळी पाक पाजलास."

"आई, तुमीच म्हनला होता गोड आण."

"गोड म्हणाले होते, बासुंदी नाही."

चारुशीला उठून दारापाशी आली. बोटांनी पत्रा चाचपला.

"मिस्त्री, आतून लाथा मारल्या तर उघडेल का हो?"

"न्हाय उघडणार, ताई."

तिनं डोळे मिटले. महालिंगप्पाला ते बघवलं नाही.

उजवं दार चढवायचं राहिलं होतं. धरायला राघवेंद्र आपणहून पुढं आला. तिशीचा, स्वच्छ धोतर, आवाज मऊ. बिजागरीला बिजागरी बरोबर भिडवून धरली.

"तुमचा हात सरळ हाय," महालिंगप्पा म्हणाला.

"शाळेत भूमिती शिकवतो." मग हलक्या आवाजात, "मिस्त्री, तिला काही झालेलं नाही. शपथेवर सांगतो. शहाणी आहे ती."

"मग तुमी बोलत का न्हाय?"

"अण्णांपुढं माझं कोण ऐकतं?" त्याचे डोळे भरले. "पुण्यापर्यंत कोंडून न्यायचं. मध्ये पोर गुदमरलं तर?"

महालिंगप्पानं मागं पाहिलं. अण्णा सिदूशी बोलत होते. त्यानं खिशातून तारेचा तुकडा काढला, दांड्याच्या भोकातून आत सरकवला, कुलपाच्या जिभेला अडकवला आणि टोक पत्र्याच्या कडेला दुमडून ठेवलं.

"हितं बोट घाला. ओढली की दार सुटतं. अण्णास्नी सांगू नगा."

राघवेंद्रनं एकदा ओढून पाहिली. टक् झालं. तो वाकला आणि महालिंगप्पाच्या पायाला हात लावला.

"अहो, काय करताय!"

अण्णा आले. "बाहेरून कडी नाही बसवली?"

"या कुलपावर कडी बसत न्हाय, अण्णा. तशी गरजबी न्हाय." महालिंगप्पा आयुष्यात गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोलला.

राघवेंद्र मुकाट मागं चढला. चारुशीला पोराला घेऊन त्याच्याशेजारी बसली. अण्णांनी दारं लावली, दोनदा ओढून पाहिली, त्यांचं समाधान झालं. ते पुढं सिदूशेजारी बसले. जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली आणि वळणाआड गेली.

अनसूयाबाई मागं राहिल्या. उमरग्याची एसटी यायला वेळ होता.

महालिंगप्पानं हात पुसले. राहवलं नाही.

"आई, राग मानू नगा. चांगल्या सुनंला असं धाडताना काळीज हाललं न्हाय का तुमचं?"

"हाललं तर. मी म्हटलं, अण्णा जातोय, तू घरी थांब. ऐकेना. यांना एकटं सोडणार नाही म्हणाली."

"एकटं? कुनाला?"

"राघूला." म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. "अण्णानं सांगितलं नाही तुम्हाला? भीमेच्या पुलावर त्यानं पडदा फाडला आणि थोरल्या लेकाला कवटाळून उडी टाकली. तो वाचला, लेकरू नाही. बायकोला दोष देतो, मग रडतो, मग गोड बोलतो. गोड बोलायला लागला की आम्हाला भीती वाटते."

महालिंगप्पा रस्त्याकडं वळला; जीप कधीच वळणाआड गेली होती.

"पण आता काळजी नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुमची दारं पक्की, म्हणूनच अण्णानं तिला तान्ह्यासकट मागं बसू दिलं."