झोपेच्या दोन वह्या

“डोळे मिटून पडून राहा गं, झोप येईल आपल्या पावलांनी,” असं लहानपणी आई म्हणायची. समुपदेशक बाईंनी मात्र उलटंच सांगितलं. वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरूण सोडायचं, बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं.

सहा आठवडे मी तेच केलं. बाईंची सही मिळाली, तरच मला पुन्हा शाळेची बस चालवता येणार होती.

माझ्या झोपेची रोजची नोंद मी आणि नवऱ्यानं वेगवेगळ्या वहीत करायची, असंही बाईंनी सांगितलं होतं. आज त्यांनी आम्हा दोघांसमोर माझी आणि नवऱ्याची वही शेजारी शेजारी उघडली. माझ्या वहीत रोज तीनदा उठल्याची नोंद होती. त्याच्या वहीत रोज एकच ओळ होती, ‘रात्रभर गाढ झोपली.’

“एकाच घरात राहता ना दोघं?” बाई हसल्या.

“हा घोरत पडलेला असतो. याला काय कळणार?” मी म्हणाले.

तो हसला नाही.

“खोटं का लिहिलंस रे?”

“खोटं नाही. खुर्ची करकरते, ते रोज ऐकतो मी. एकदा उठून पाहिलं, तर तू खुर्चीत बसली होतीस. परत आलो, तर अंथरुणातही तूच होतीस, शांत झोपलेली.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “मघाशी आपण घरून निघालो ना, तेव्हाही ती झोपलेलीच होती.”