गमबूट्याचे बूट

मुलीने नवाकोरा अंक बाबांच्या मांडीवर उघडून ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आज तरी त्यांनी शाब्बास म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

चित्रकथेतला हा खलनायक मूळचा बाबांचाच. लांब काळा कोट, सावलीत बुडालेला चेहरा आणि पायात पिवळेधमक गमबूट. तो चालला की पानभर 'पचक पचक' उमटायचं. जगाचा थरकाप उडवायला निघालेल्या त्या बापड्याचा पोरांनी पार गमबूट्या करून टाकला. बाबा भाजी आणायला गेले तरी मागून कुणीतरी पचक पचक करायचं. बाबा ते हसण्यावारी न्यायचे. मुलीला मात्र अजून झोंबत होतं. म्हणून नव्या मालिकेचं काम हाती येताच तिने सगळ्यात आधी ते बूट काढले.

आता तो अनवाणी होता. कोट तोच, सावली तीच. घरात शिरला तरी कुणाला चाहूल लागायची नाही. माणूस सहज मान वळवायचा आणि तो शेजारी उभा असायचा. बस्स, एवढंच. चित्रं बघता बघता संपादकांचा चहा गार झाला होता, आणि बघून झाल्यावर त्यांनी ती टेबलावर पालथी घालून ठेवली होती.

"एकही पोरगं हसलं नाही, बाबा," ती म्हणाली. "आता कुणाची टाप आहे तुम्हाला चिडवायची? बोला ना, जमलाय ना?"

बाबांनी चित्रातल्या उघड्या पावलांवर अंगठा दाबून धरला होता.

"बूट का काढलेस ग?"

"अहो बाबा, त्या बुटांनीच तर त्याचं हसं केलं!"

"माझ्या लहानपणी तो असाच यायचा," बाबा म्हणाले. "अनवाणी. पलंगाशी येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. मोठेपणी मी त्याला कागदावर उतरवला आणि पायात बूट घातले. येताना ऐकू यावा म्हणून. मग पोरं हसायला लागली, आणि त्याचं येणंच बंद झालं."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो, असं तिने मनाला बजावलं.

"पिवळा रंग आण," बाबा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"एका अंकावर रंग लावून काय होणार, बाबा? सकाळपासून घरोघरी पोचलाय तो."

बाबांनी अंक मिटला आणि तिचा हात घट्ट धरला. भर दुपारची वेळ, खोलीचं दार सताड उघडं. दोघंही कान देऊन ऐकू लागली.

जिन्यावर, दाराशी, कुठेच कसलाही आवाज नव्हता.