कडीचे साडेचारशे

"कडीचे साडेचारशे माझ्या पोराच्या वाट्यातून कापा," मिस्त्री म्हणाला. "ती त्याच्यापायी तुटली."

घरमालकाने चष्म्यावरून पाहिलं. निवृत्त मास्तर, भिंतीतल्या खिळ्यांची भोकंसुद्धा मोजणारा माणूस. त्याने टेबलावर यादी ठेवली होती, फळ्यावर लिहावी तशा टपोऱ्या अक्षरात. एका भिंतीचा रंग बाराशे. भोकं अकरा, दोनशे वीस. स्वयंपाकघरातला नळ पाचशे तीस. बाथरूमची कडी साडेचारशे. तिघांनी मिळून भरलेल्या अनामतीच्या तीस हजारांतून चोवीसशे गेले होते.

गिझर यादीत नव्हता. तो मालकाचाच. बाथरूमला वीतभर झरोका, तोही रंगाचे हात देऊन देऊन बुजलेला. गिझरचा गॅस आत कोंडला आणि मिस्त्रीचा पोरगा गेला, त्याला दोन महिने झाले. वर नवे भाडेकरू आले होते. त्याच गिझरच्या पाण्याने आंघोळी करत होते.

समोरच्या बाकावर पोराचे दोन खोलीसोबती बसले होते. थोरला ड्रायव्हर. धाकटा घरोघर खोकी पोचवायचा, म्हणून त्याला सगळे पार्सल म्हणत.

"काका, कडीचं राहू द्या," पार्सल म्हणाला. "आम्ही भरतो ना."

"का म्हणून? दार त्याने लावलं. तुम्ही फोडलंत ते त्याला वाचवायला. उलट मीच तुमचं देणं लागतो."

"नको म्हणतो ना मी!"

पार्सल एवढ्या जोरात ओरडला की मास्तरच्या हातातलं पेन थांबलं. ड्रायव्हरने त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

"अरे, काकांना बरं वाटत असेल तर भरू दे. मास्तर, तसंच लिहा."

मास्तरने हिशेब मांडला. बाकीचे साडेएकोणीसशे तिघांत सारखे, कडी एकट्याच्या नावावर. दोघांना प्रत्येकी नऊ हजार साडेतीनशे, मिस्त्रीला आठ हजार नऊशे. मिस्त्रीने नोटा मोजल्या नाहीत. बायकोने निघताना बजावलं होतं, पैसे आणा नाहीतर आणू नका, पण पोरांना एवढं विचारून या. ती दोन महिने तोच एक प्रश्न घेऊन उठत होती आणि तोच घेऊन आडवी होत होती.

तो खाकरला. "पोरांनो, एक सांगा. त्याने हाक मारली होती का रे? त्याच्या आईचा जीव तिथं अडकलाय. म्हणते, हाक मारली असेल आणि कुणी ऐकली नसेल, तर मला जेवण कसं जाईल?"

पार्सलने हातातल्या नोटा चुरगळल्या.

"नाही काका," ड्रायव्हर म्हणाला. "हूं नाही की चूं नाही. आम्ही बाहेरच होतो, चहा घेत. बराच वेळ झाला म्हणून दार वाजवलं, तर आतून कडी. मग खांदे मारून फोडलं. शांत पडला होता, झोपल्यासारखा. काकूंना सांगा, त्याला काही कळलंच नाही."

पोलिसांनीही हेच लिहून घेतलं होतं. दार बघायचे कष्ट कोण घेतो? मिस्त्री तर गावाहून थेट दवाखान्यात पोचला होता. पोरगा राहायचा ती खोली त्याने आजवर पाहिली नव्हती.

त्याच्या छातीवरचा दगड थोडा हलला. "तसा तो घरीही तासभर आंघोळ करायचा," तो म्हणाला. "आई लाटणं घेऊन दारात उभी राहायची."

पार्सल हसला, रडल्यासारखा. "इथंही तेच, काका! आम्हाला कामाला उशीर, आणि राजे आत गाणी म्हणतायत. आम्ही बाहेरून दिवा घालवायचो. तरी निघायचा नाही. मग एकदा आम्ही..."

"चल, गाडी काढायची आहे मला," ड्रायव्हर उठला. "काका, येतो. काही लागलं तर फोन करा. आम्ही तुमचीच पोरं."

त्याने वाकून मिस्त्रीच्या पायाला हात लावला. पार्सल दारापर्यंत गेला, परत आला आणि आपल्या वाट्याच्या सगळ्या नोटा मिस्त्रीच्या खिशात कोंबून जिना उतरून पळाला.

"अरे, हे काय!" मिस्त्रीचे डोळे भरून आले. "बघा मास्तर. परक्याची पोरं, पण काय जीव आहे!"

"हं," मास्तर म्हणाला. त्याने खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हे घेऊन जा. मी पैसे कापतो, पण कुणाची वस्तू ठेवून घेत नाही. जुनी कडी आहे. नवी बसवली तेव्हा सुतार म्हणाला, भंगारात द्या. मी म्हटलं, ज्याने भरले त्याची."

मिस्त्रीने पुडकं कपाळाला लावलं. पोराचा हात शेवटचा जिला लागला ती वस्तू. तो जिन्यात आला आणि पायरीवर टेकला. चाळीस वर्षं दारं बसवली होती त्याने. आतून लावायची बोटभर सरकती कडी हातात किती भरते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुडकं त्याहून फार जड लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. एका हाताने त्याने तो कानाला लावला, दुसऱ्याने कागद सोडवू लागला.

"विचारलंत का?" बायको म्हणाली. "काय म्हणाली पोरं? हाक मारली होती का त्याने?"

कागद उलगडला. त्यात बाहेरून लावायची, कुलूप अडकवायची जाडजूड कडी होती, आतून ढकलून ढकलून धनुष्यासारखी बाहेर वाकलेली.