नवमीचं पान

दुर्गाकाकूंच्या पानात वडा वाढताना निरुपमाच्या मनात आलं, हे जेवण नक्की कोणाच्या नावाचं?

त्या दिवशी अविधवा नवमी होती. नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्यासाठी पितृपक्षातल्या या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. पुढे नवराही गेला की हे जेवण बंद होतं. निरुपमाच्या माहेरी, देवासला, तिच्या थोरल्या काकूसाठी दरवर्षी व्हायचं. पण या घरात कोण? सासूबाई, इंदिराबाई, स्वतः विधवा. त्यांच्या सासूबाईही विधवा होऊनच गेलेल्या. नणंद नाही, जाऊ नाही. सकाळी सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की दरवर्षी दुर्गाच्या घरी जाऊन करते, यंदा गुडघा चालू देत नाही म्हणून तिलाच इथे बोलावलंय. ओटी तू भर, विधवेनं भरलेली चालत नाही.

उलटून विचारायची सोय नव्हती. लग्न झाल्यापासून सासूबाई तिच्याशी एक शब्द धड बोलल्या असतील तर शपथ. आमटीला नावं, केर काढण्याला नावं. वर रोजचं पालुपद, माहेरी जा, इथे तुझं काही काम नाही. निरुपमा रडायची आणि सलील तिचे डोळे पुसायचा.

नवरा तर असा गोड, की गोत्री भागातल्या त्या नव्या सोसायटीत प्रत्येक घराचा तो सलीलभाई. कोणाचा केबलवाला दाद देत नाही, सलीलभाई फोन करणार. कोणाच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचंय, सलीलभाईंची गाडी हजर. पहिली बायको पूर्णिमा कोणाबरोबर तरी दुबईला पळून गेली, हे त्यानं बघायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं. घटस्फोटाचे कागद झालेत म्हणाला. कागद कोणी बघायला मागितले नाहीत, कारण सांगताना तो रडला. पुरुष माणूस चारचौघांत रडतो म्हटल्यावर निरुपमाच्या वडिलांनाही भरून आलं. ती तर त्या रडण्यावरच भाळली, बिचारी.

आज ती सकाळपासून खुशीत होती. सलील ऑफिसातून दुपारीच सुटणार होता. दोघं मही नदीच्या काठी फिरायला जाणार होती, पहिल्यांदाच.

दुर्गाकाकू दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या शेजारीण. जेवताना गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. सलील परवा देवळापाशी भेटला म्हणाल्या. चेहरा पार उतरला होता. सांगत होता, निरुपमाचं मन इथे लागत नाही, दिवसभर कोणाचे तरी फोन चालू असतात, हीसुद्धा एक दिवस निघून जाईल बघा. खिरीचा घोट घेऊन त्यांनी सरळ विचारलं, खरं का गं?

निरुपमाला हसू आलं. बिल वाढतं म्हणून घरातल्या फोनला सलीलनंच कुलूप घातलेलं. तिला कोणाचा फोन येणार नि ती कोणाला करणार? मग तिचं हसू विरलं. असं का बरं सांगत फिरत असेल तो?

इंदिराबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. तिचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"पूर्णिमा दुबईला गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "हे पान तिचंच आहे."

मग त्या बोलतच राहिल्या, खालच्या आवाजात. तेव्हाही सलील आधी महिनाभर हेच सांगत फिरला होता, हिचं मन लागत नाही, ही जाणार. एका दुपारी तो पूर्णिमेला घेऊन महीवर गेला आणि एकटा परत आला. आल्यावर पोटभर जेवला. चिखलानं भरलेली त्याची पँट त्यांनी स्वतः धुतली. धुताना सगळं कळलं होतं. पण पोटचा पोरगा. तोंड उघडलं नाही. नवी सून आली तेव्हा वाटलं, छळ छळ छळावं, म्हणजे आपणहून जाईल.

निरुपमा मागे सरली. ती ओट्याला टेकली. मला सरळ का नाही सांगितलंत, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"तू त्यालाच विचारलं असतंस."

खरं होतं. तिनं त्यालाच विचारलं असतं, आणि तो रडला असता.

दुर्गाकाकूंना काही न सांगता इंदिराबाईंनी दोघींना रिक्षात बसवलं. हिला देवासच्या गाडीत बसवून दे, मग घरी जा, म्हणाल्या. काकूंची ओटी भरायची राहून गेली. निरुपमानं बॅगसुद्धा घेतली नाही. वळणावर तिनं मागे बघितलं. सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. आत जा ना, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. तोवर रिक्षा वळली.

थोड्या वेळानं सलीलची गाडी आली. पलीकडच्या गुजराती बेनना त्यानं जय श्रीकृष्ण केलं. गाडीतूनच विचारलं, निरुपमा तयार झाली का?

इंदिराबाई लंगडत पुढे आल्या. दार उघडून त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या, पदर सावरला. तो नेहमीसारखा गोड हसला. आई, तू कुठे?

"महीवर," त्या म्हणाल्या. "पूर्णिमेला कुठे ठेवलंस ते दाखव मला."